लष्करी नर्सचा जुना गणवेश: कुठल्या दलाचा आणि कुठल्या सालचा, हे कसं ठरवावं

खांद्यापुरती लाल लोकरी केप, करडा झगा, डोक्यावर खळ घातलेलं पांढरं वस्त्र. ब्रिटिश लष्करी नर्सचं हे रूप इतकं ओळखीचं आहे, की विकणारा केप हातात धरून सरळ ‘पहिल्या महायुद्धातली’ म्हणतो आणि घेणाऱ्यालाही ते खरं वाटतं. पण राणी अलेक्झांड्राच्या नावाची लष्करी नर्सिंग सेवा १९०२ साली स्थापन झाली, त्याच्याही आधीपासून ही लाल केप वापरात होती. दोन्ही महायुद्धांत ती होती, आणि १९४९ मध्ये दलाचं नाव बदललं तेव्हाही ती गेली नाही. त्यामुळे केपच्या रंगावरून दल ओळखता येतं, साल ओळखता येत नाही.

साल ठरवायचं तर तीन गोष्टी वेगवेगळ्या धरायला हव्यात: कापड कधी शिवलं गेलं, त्यावरचे बिल्ले कधीचे आहेत, आणि ते कोणी कधी वापरलं. या तिन्ही तारखा एकच असतील असं गृहीत धरलं की चूक झालीच. बिल्ला दोन मिनिटांत एका कपड्यावरून दुसऱ्यावर जातो, बटणं बदलतात, कहाणी तर सगळ्यात सहज बदलते. शिवण मात्र बदलणं अवघड असतं. म्हणून मी कपडा आतून बाहेर वाचते. आधी शिवण आणि लेबल, मग बटणं, शेवटी बिल्ला. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

हात लावण्याआधी

धुऊ नका, इस्त्री करू नका, ब्रशने झटकू नका. घामाचा डाग, टाचणीची भोकं, बिल्ल्याखाली न विटलेला रंग, जुन्या घडीची रेघ हे सगळे पुरावे आहेत, आणि एका धुण्यात ते जातात. टेबलावर स्वच्छ पांढरा सुती पंचा पसरा, हात धुऊन कोरडे करा, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. मग फोटो घ्या: समोरून, मागून, आतली बाजू बाहेर काढून, प्रत्येक बटणाच्या दोन्ही बाजू, खालची दुमड, बगलेतली शिवण. खिसे चाचपून पाहा. लाँड्रीची चिठ्ठी, तिकीट, नाव लिहिलेली फीत असं काही मिळालं तर ते जिथे सापडलं तिथेच ठेवून आधी फोटो काढा.

घरातला गणवेश असेल तर माणसांना विचारा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘मावशी देवळालीच्या लष्करी हॉस्पिटलात होती’ आणि ‘मावशी युद्धात होती’ ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्यातून पहिलं तयार होतं, आणि पुढच्या पिढीत ‘मावशी बर्माच्या आघाडीवर होती’ होतं. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं, एवढं टिपलं तरी पुढचं काम निम्मं सोपं होतं.

मुळात हा गणवेश लष्करी आहे का?

लष्करी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक वस्तू लष्करी नसतात. एप्रनच्या छातीवर मोठा लाल क्रॉस असेल तर तो बहुधा स्वयंसेविकेचा. ब्रिटनमध्ये १९०९ साली स्वयंसेवी मदत पथकांची, म्हणजे व्ही.ए.डी.ची योजना सुरू झाली. त्यातल्या रेड क्रॉसच्या मुली निळा झगा आणि लाल क्रॉसचा पांढरा एप्रन घालत, सेंट जॉनच्या पथकातल्या करडा झगा घालत. या मुलींनी लष्करी हॉस्पिटलांत काम केलं, अनेकींनी परदेशात केलं, त्यांच्या कामाचं मोल कमी नाही. पण त्या लष्कराच्या प्रशिक्षित नर्स नव्हत्या. राणी अलेक्झांड्राच्या लष्करी नर्सिंग सेवेची सिस्टर एप्रनवर लाल क्रॉस लावत नसे. सेंट जॉनचा करडा झगा एकटा सापडला तर तो लष्करी सिस्टरचा वाटू शकतो. त्यामुळे नुसत्या करड्या रंगावर निकाल देऊ नये.

दुसरी नेहमीची गल्लत गडद निळ्या, आतून लाल अस्तराच्या लांब केपची. छातीवर फुलीसारखे दोन पट्टे येतात ती. ब्रिटनच्या साध्या नागरी हॉस्पिटलांत असल्या केपा हजारोंनी वापरल्या गेल्या. बाजारात ‘आर्मी नर्स केप’ म्हणून सगळ्यात जास्त याच येतात. गळ्याशी आत हॉस्पिटलचं नाव किंवा आद्याक्षरं विणलेली फीत असेल तर प्रश्न तिथेच मिटतो.

तिसरी गल्लत अमेरिकेची. १९४३ साली तिथे कॅडेट नर्स कॉर्प्स स्थापन झाली. करडा लोकरी सूट, खांद्यावर लाल पट्ट्या, डोक्यावर बेरे टोपी, बाहीवर लाल पार्श्वभूमीवर रुपेरी माल्टीज क्रॉस. करडा आणि लाल एकत्र दिसल्यामुळे लोक हा सूट ब्रिटिश लष्करी समजतात. प्रत्यक्षात तो शिकाऊ नर्सचा, सार्वजनिक आरोग्य खात्याखालचा गणवेश आहे. त्याचं साल मात्र चटकन ठरतं, कारण ही योजना १९४८ मध्ये संपली.

दल ओळखणं: केप, काठ आणि कोपरे

ब्रिटिश परंपरेतले गणवेश आपल्याकडे जास्त सापडतात, आणि त्याला कारण आहे. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित नर्स इंग्लंडहून मुंबईच्या बंदरात उतरल्या आणि भारतातल्या लष्करी हॉस्पिटलांत प्रशिक्षित नर्सिंगची घडी बसवायला सुरुवात झाली. १८९३ मध्ये या सेवेला इंडियन आर्मी नर्सिंग सर्व्हिस हे नाव मिळालं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला राणी अलेक्झांड्राचं नाव जोडलं गेलं. १ ऑक्टोबर १९२६ रोजी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमस्वरूपी उभी राहिली. आजची मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस तोच दिवस स्थापनादिन म्हणून पाळते. पहिल्या महायुद्धात तर मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची नवी कोरी इमारतसुद्धा लष्करी हॉस्पिटल म्हणून वापरली गेली. इतक्या नर्स या भागात राहून गेल्या, म्हणून त्यांचे कपडे इथल्या ट्रंकांत, जुन्या बाजारात, चोरबाजारात आजही निघतात.

ब्रिटनमधली मूळ सेवा, क्यू.ए.आय.एम.एन.एस. म्हणजे क्वीन अलेक्झांड्राज इम्पीरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, २७ मार्च १९०२ च्या शाही फर्मानाने स्थापन झाली. नियमित सेवेतल्या सिस्टरची केप पूर्ण लाल. १९०८ पासूनच्या राखीव सेवेतल्या नर्सची केप करडी आणि तिला लाल काठ. टेरिटोरियल फोर्सची, म्हणजे ब्रिटनच्या अर्धवेळ स्वयंसेवक सैन्याची, नर्सिंग सेवाही १९०८ चीच. तिची केपसुद्धा लाल काठाची, पण करड्यात निळसर झाक असलेली, आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर रुपेरी ‘टी’ अक्षर. राखीव आणि टेरिटोरियल यांत लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण जुन्या करड्या लोकरीचा रंग उतरला की निळसर झाक दिसेनाशी होते. अशा वेळी कोपरे पाहा. ‘टी’ निघून गेलेला असला तरी तिथे टाक्यांची भोकं आणि अक्षराच्या आकाराची, कमी विटलेली सावली उरते. सावली भिंगाखाली किंवा बाजूने तिरपा प्रकाश टाकून पाहिली की स्पष्ट दिसते.

बिल्ला केपच्या उजव्या बाजूला लावत. नियमित सेवेच्या बिल्ल्यावर डेन्मार्कच्या डॅनेब्रोग क्रॉसवरून घेतलेली रचना आणि ‘सब क्रूस कँडिडा’, म्हणजे ‘शुभ्र क्रॉसच्या छायेखाली’, हे लॅटिन ब्रीद. राणी अलेक्झांड्रा मूळची डेन्मार्कची राजकन्या, म्हणून हे चिन्ह. राखीव सेवेचा बिल्ला गोल, मधोमध ‘आर’. बिल्ल्यावरचं ‘ए’ अक्षर पाहून ‘राणी १९२५ साली वारली, म्हणजे बिल्ला त्याआधीचा’ असा हिशेब करू नका. तिच्या मृत्यूनंतरही ते अक्षर राहिलं.

ब्रिटिश साम्राज्यातल्या इतर देशांचेही गणवेश कधीमधी समोर येतात. ऑस्ट्रेलियाच्या सैनिकी नर्स करडा झगा आणि लाल केपच वापरत, पण त्यांच्या केपवर उगवत्या सूर्याचा बिल्ला असे. कॅनडाच्या नर्स मात्र सगळ्यांपासून वेगळ्या: पहिल्या महायुद्धात त्या निळ्या झग्यावर पितळी बटणांच्या दोन रांगा आणि खांद्यावर चक्क अधिकाऱ्याचे स्टार लावत.

आतली बाजू

आता कपडा उलटा करा. मला स्वतःला इथे सगळ्यात जास्त वेळ घालवायला आवडतं, आणि तो वेळ कधी वाया जात नाही.

लेबलपासून सुरुवात. नियमित लष्करी नर्सना अधिकाऱ्यांसारखा मान होता आणि त्या गणवेश बहुतेकदा शिंप्याकडून किंवा दुकानातून शिवून घेत. त्यामुळे सरकारी शिक्का नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. लंडनच्या एजवेअर रोडवरच्या गॅरूल्ड दुकानाचं लेबल या कपड्यांवर वारंवार दिसतं. भारतात छावणीतल्या शिंप्याने शिवलेल्या कपड्याला लेबलच नसतं, किंवा गावाचं नाव असलेली छोटी विणलेली फीत असते. सरकारी पुरवठ्यातली वस्तू असेल तर बाणाची खूण शोधा. नुसता रुंद बाण ब्रिटनचा. बाणासोबत ‘आय’ असेल तर ती भारतात बनलेली, ‘सी’ अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडाची, ‘यू’च्या पोटात असेल तर दक्षिण आफ्रिकेची, दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाची.

मग धागा. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या अतिनील किरणांचा छोटा टॉर्च लावा. हे टॉर्च आता नोटा तपासण्यासाठी कुठेही मिळतात. युद्धकाळातला सुती किंवा रेशमी धागा मंद दिसतो, आधुनिक पॉलिस्टर धागा बहुधा निळसर पांढरा चमकतो. पण नुसतं कापड चमकलं म्हणून ते नवं म्हणू नका. जुना सुती एप्रन गेल्या तीस-चाळीस वर्षांत कधी डिटर्जंट पावडरने धुतला असेल तर तोही चमकेल. खरी माहिती फरकातून मिळते. कापड मंद आणि फक्त बिल्ल्याचा किंवा पट्टीचा धागा चमकतोय, म्हणजे ती पट्टी नंतर लावली. ‘टी’ अक्षराचे टाके चमकत असतील आणि बाकी केप मंद असेल, तर साधी करडी केप टेरिटोरियल करून विकायला काढली असण्याची शक्यता दाट आहे.

धागा जाळून पाहण्याची शिंप्यांची जुनी परीक्षा अजूनही चांगली. आतल्या शिवणीतला सुटलेला एकच तंतू चिमट्यात धरून काडी लावा. लोकर केस जळल्याचा वास देते आणि तिची राख बोटात चुरते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. टेरिलीन या पॉलिस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ साली लागला, पण कपड्यांत ते १९५० च्या दशकात आलं. तेव्हा मूळ कापडात पॉलिस्टर सापडलं तर दोन्ही महायुद्धं बाद. हा निर्णय कुठल्याही बिल्ल्यापेक्षा पक्का.

बंद करण्याची साधनं पाहा. पहिल्या महायुद्धाच्या काळातला झगा हूक-आय, टिचबटणं आणि कापडाने मढवलेल्या किंवा शिंपल्याच्या बटणांवर चालायचा. कॉलर आणि कफ वेगळे, खळ घालून कडक केलेले, स्टडने अडकवायचे. स्टडची काजं झग्याच्या मानेवर शिल्लक असतात. धातूची चेन बायकांच्या कपड्यांत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रुळली. नायलॉनची गुंडाळीची चेन १९६० च्या सुमाराची किंवा त्यानंतरची. मात्र चेन ही सगळ्यात जास्त बदलली जाणारी गोष्ट आहे. नायलॉनची चेन दिसली की लगेच हताश होऊ नका. तिच्या दोन्ही कडांना जुन्या टाक्यांच्या भोकांची दुसरी रांग आहे का ते पाहा. असेल तर आधी तिथे दुसरं काही होतं. टब, त्रिकोण, इस्त्री अशी धुण्याची चिन्हं छापलेली पट्टी मात्र शिवणीत मूळची अडकवलेली असेल, तर तो कपडा युद्धकाळातला असूच शकत नाही.

खालची दुमड उलगडू नका, पण प्रकाशासमोर धरून पाहा. १९१४ साली झगा घोट्यापर्यंत होता, १९४० च्या दशकात गुडघ्याच्या आसपास आला. काही जणींनी जुना झगा वर दुमडून पुढे वापरला. दुमडीच्या पोटात हातभर कापड दडलेलं असेल आणि बाहेर जुन्या कडेची झिजलेली रेघ दिसत असेल, तर कपड्याचं साल आणि शेवटच्या वापराचं साल यांत मोठं अंतर आहे.

मुकुट, बटणं, सिंह

बटणावर किंवा बिल्ल्यावर मुकुट असेल तर त्याची कमान पाहा. १९०१ ते १९५२-५३ या काळातल्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर गोल जातात. एलिझाबेथ राणीच्या काळातल्या सेंट एडवर्ड मुकुटाच्या कमानी मधोमध खाली खचतात. घुमट म्हणजे राजा, खाच म्हणजे राणी, एवढं लक्षात ठेवलं तरी बटणांचा मोठा ढीग दहा मिनिटांत निवडून होतो. १९०१ च्या आधीचा व्हिक्टोरियाचा मुकुट निराळ्या बांधणीचा, आणि नर्सच्या गणवेशावर तो क्वचितच मिळतो. आता एक सापळा नवा आहे: २०२२ मध्ये चार्ल्स राजाने पुन्हा घुमटाचा मुकुट घेतला. म्हणजे परवा तयार झालेल्या बिल्ल्यावरही १९४० सारखाच घुमट असू शकतो. धातूची झीज, मागची पिन, पिनेखालचा काळवंडलेला भाग हे पाहणं त्यामुळे आता जास्त गरजेचं झालं आहे. वजनाला हलकी, कधीच न काळवंडणारी सोनेरी अॅल्युमिनियमची बटणं १९५० च्या दशकापासूनची.

चांदीच्या बिल्ल्यावर कधी हॉलमार्क असतो. बर्मिंगहॅमचा जहाजी नांगर किंवा लंडनचा बिबट्याचा चेहरा, आणि शेजारी एक अक्षर. हे अक्षर दरवर्षी बदलत असे आणि त्याचे तक्ते सहज मिळतात. बिल्ल्याचं नेमकं वर्ष देणारा हा सगळ्यात भरवशाचा मार्ग. अर्थात तो बिल्ल्याचं वर्ष देतो, केपचं नाही.

भारतीय गणवेशात हाच नियम वेगळ्या तारखेने लागतो. १५ ऑगस्ट १९४७ ला मुकुट गेला नाही. २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक आलं तेव्हा मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले आणि हुद्द्याचा ब्रिटिश पद्धतीचा, बाथ सन्मानाच्या चिन्हावरून घेतलेला स्टार जाऊन पाच टोकांचा तारा आला. म्हणून खांद्यावर मुकुट असूनही एखादा गणवेश स्वतंत्र भारतातल्या नर्सचा असू शकतो. ती अडीच वर्षं फार कमी लोक लक्षात घेतात. घरातल्या आजीचा किंवा आत्याचा गणवेश तपासताना तरी ती विसरू नका.

हुद्द्याच्या खुणा

कोणाच्या खांद्यावर कधी हुद्दा आला, हे माहीत असलं की खोटी जुळवणी पटकन उघडी पडते. ब्रिटिश लष्करी नर्सना १९४१ साली अधिकाऱ्यांची कमिशनं आणि हुद्दे मिळाले. त्याआधी हुद्दा बाहीवर दिसे: सिस्टरच्या बाहीच्या खालच्या भागात दोन लाल पट्ट्या असत. तेव्हा लाल केप, घोट्यापर्यंतचा झगा आणि खांद्यावर लेफ्टनंटचे दोन स्टार अशी ‘१९१६ ची’ जोडी कोणी दाखवली, तर ती ब्रिटिश म्हणून अशक्य आहे. भारतातल्या सेवेसाठी इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा अध्यादेश १९४३ चा. अमेरिकेत १९२० साली ‘सापेक्ष हुद्दा’ मिळाला, म्हणजे खांद्यावर पट्टी आली, पण वेतन आणि अधिकार अपुरेच. पूर्ण कमिशन युद्धकाळापुरतं १९४४ मध्ये आणि कायमचं १९४७ मध्ये आलं. भारतीय मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मेजर जनरलचा हुद्दा १९७६ साली गर्ट्रूड अॅलिस राम यांना मिळाला. भारतीय सैन्यदलांत त्या हुद्द्यावर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. त्या वर्षाआधीच्या म्हणून सांगितलेल्या नर्सच्या गणवेशावर तो हुद्दा असेल तर पुढे बघायची गरज नाही.

उजव्या बाहीच्या खालच्या भागात छोटे उलट्या ‘व्ही’ आकाराचे पट्टे दिसले तर आनंद माना. परदेशातल्या सेवेचे हे पट्टे १९१८ च्या सुरुवातीला लागू झाले. लाल पट्टा १९१४ मध्येच परदेशी गेलेल्यांना, निळे त्यानंतरच्या सेवेसाठी. एक लाल आणि तीन निळे म्हणजे १९१४ पासून निदान तीन वर्षं परदेशात. हे पट्टे लावलेला झगा १९१८ च्या आधी तसा दिसत नव्हता, एवढं नक्की.

दुसऱ्या महायुद्धात करडा-लाल गणवेश आघाडीवर निरुपयोगी ठरला. युरोपात बायकांच्या मापाचा खाकी लोकरी बॅटलड्रेस आला. आसाम-बर्माच्या बाजूला मलेरियामुळे संध्याकाळनंतर लांब बाह्या आणि पँट घालावी लागे, आणि पुढे खाकीऐवजी गडद जंगली हिरवा रंग आला. अशा कपड्यावर नर्सची स्वतःची खूण फार थोडी असते. त्यामुळे कॉलरच्या आत शाईने लिहिलेलं नाव किंवा धोब्याची खूण शोधा. कपडा नर्सचा होता हे बऱ्याचदा त्यावरूनच सिद्ध होतं.

अमेरिकी गणवेश: लेबलच बोलतं

अमेरिकेची आर्मी नर्स कॉर्प्स २ फेब्रुवारी १९०१ ची. पहिल्या महायुद्धात गडद निळा सर्जचा सूट, दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत निळ्याच छटा, आणि १९४२ पासून ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवट-तपकिरी. गडद निळ्या केपला आतून मरून अस्तर असेल तर ती आर्मीची. भडक लाल अस्तर आणि छातीवर क्रॉस असेल तर अमेरिकी रेड क्रॉसची. युद्धकाळातल्या वॉर्डातला तपकिरी-पांढऱ्या रेघांचा, गुंडाळून बांधायचा सीअरसकरचा झगा हा सगळ्यात ओळखू येणारा कपडा. सुरकुतलेल्या विणीमुळे त्याला इस्त्री लागत नसे. आसामात मार्गेरिटा इथे विसावं अमेरिकन जनरल हॉस्पिटल होतं, तेव्हा अमेरिकी नर्सचा कपडा भारतात सापडला तर नवल नाही. सापांच्या दंडाच्या चिन्हावरचं ‘एन’ अक्षर युद्धकाळात मरून, पुढे काळं.

अमेरिकी कपड्यात तारीख शोधायची गरज बहुधा पडतच नाही, ती खिशात किंवा कंबरेच्या आत छापलेली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या लेबलवर ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा आणि मध्ये ‘क्यू.एम.’ असलेला कंत्राट क्रमांक, बऱ्याचदा पूर्ण तारीख आणि फिलाडेल्फिया डेपोचं नाव असतं. ‘डी.एस.ए.’ असेल तर १९६२ ते १९७७, ‘डी.एल.ए.’ असेल तर त्यानंतरचं. ‘सी’ अक्षराच्या आधीचे दोन आकडे बहुधा आर्थिक वर्षाचे. तेव्हा त्यांचं आर्थिक वर्ष जुलैला सुरू होई, म्हणून ६७ म्हणजे १९६६ चा पावसाळाही असू शकतो. माल-क्रमांक अकरा आकडी असेल तर १९७४ च्या आधीची पद्धत, तेरा आकडी असेल तर नंतरची. लेबलवर १९४३ आणि काळ्या ‘एन’चं चिन्ह असं एकत्र दिसलं तर कपडा युद्धकाळातला, चिन्ह नंतरचं. नर्सने पुढे नोकरी चालू ठेवली असेल, किंवा कोणी नंतर जोडलं असेल.

नाव सापडलं तर

नाव मिळालं की वस्तूची किंमत आणि महत्त्व दोन्ही बदलतं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पदकांच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटनने दिलेली पदकं बिननावाची, पण भारतात दिलेल्यांवर नाव असतं. रॉयल रेड क्रॉस या नर्सिंगच्या सन्मानचिन्हावर १८८३ हे वर्ष असतं. ते सन्मान सुरू झाल्याचं वर्ष, तुमच्या हातातल्या पदकाचं नव्हे. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यू.ओ. ३९९ या दप्तरात पहिल्या महायुद्धातल्या लष्करी नर्सच्या नोंदी आहेत. सन्मान आणि नेमणुका ‘लंडन गॅझेट’ या ब्रिटिश सरकारी राजपत्रात छापल्या जात. ब्रिटिश काळातल्या भारतीय सेवेची कागदपत्रं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरात शोधावीत. अमेरिकी सेवेची बरीच कागदपत्रं सेंट लुईसच्या १९७३ च्या आगीत जळाली, तिथे उत्तर न आलं तर तेही कारण असू शकतं. नाव परिचितासारखं वाटलं तरी पूर्ण नाव, सेवा आणि काळ तिन्ही जुळल्याशिवाय कुणाचं नाव वस्तूला चिकटवू नका.

निष्कर्ष कसा लिहावा

समजा समोर करडी केप आहे, लाल काठ, गोल ‘आर’चा बिल्ला, सोबत करडा झगा. केपच्या कोपऱ्यांवर भोकं नाहीत, म्हणजे टेरिटोरियल नाही. राखीव सेवा, म्हणून १९०८ ते १९४९. झग्याच्या मानेला स्टडची काजं, खांद्यावर स्टार लावल्याची भोकं नाहीत, बाहीवर दोन निळे पट्टे सुती धाग्याने शिवलेले. बाजूला नायलॉनची चेन, पण तिच्या कडेला हूकच्या टाक्यांची जुनी रांग. बिल्ल्याखालची सावली बिल्ल्याच्याच आकाराची. यावर मी लिहीन: ‘राखीव सेवेतल्या नर्सची केप आणि झगा, झगा १९१८ च्या सुमारास वापरात, चेन १९६० नंतर बदललेली, केप आणि बिल्ला बराच काळ एकत्र.’ केप आणि झगा एकाच बाईचे होते असं लिहिणार नाही, कारण त्याचा पुरावा यात कुठेच नाही. एकच वर्ष सांगण्याचा मोह होतो, गिऱ्हाईकही तेच मागतं, पण पुरावा अवधी देत असेल तर अवधीच लिहावा आणि प्रत्येक विधानाशेजारी कारण लिहावं. पुढच्या माणसाला तुमचा निष्कर्ष तपासता यायला हवा.

ठेवणं आणि पाठवणं

खळ काढून धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, घडीत मलमलीच्याच गुंडाळ्या ठेवा म्हणजे कडा तुटत नाहीत. प्लास्टिकची पिशवी आणि लोखंडी ट्रंकेचा उघडा पत्रा दोन्ही नकोत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर महिन्यातून एकदा उघडून कसर आणि बुरशी पाहावी. डांबराच्या गोळ्या लोकरीला टेकू देऊ नका. धातूचा बिल्ला काढू नका, त्याच्या आणि कापडाच्या मध्ये साधा आम्लमुक्त कागद सरकवा.

विकायचं किंवा परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचं असेल तर एक कायदा ठाऊक हवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातले गणवेश आता त्या मर्यादेत आले आहेत. वस्तू त्यानंतरची आहे अशी तुमची खात्री असेल तर पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या, आणि अर्जासोबत आतल्या शिवणीचे, लेबलचे आणि बटणांच्या मागच्या बाजूचे फोटो जोडा.